अमावास्येची सुकती

बाळारामदादांच्या हातात कोणताही दात आला की ते आधी त्याची मुळाकडची बाजू जिभेच्या टोकाला लावायचे. समोर कोण बसलंय, दात कुठल्या चिखलातून आलाय, याचं त्यांना काही नसे. जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि दोनपैकी एक शब्द बोलायचा. "चिकटतंय" म्हणाले तर दात जुना, पिढ्यान्‌पिढ्या मातीत पडून आतून कोरडा झालेला, म्हणून जिभेला धरून बसणारा. "सुटतंय" म्हणाले तर परवाचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली. पुढे मी स्वतः एकदा गुपचूप करून पाहिलं. खरंच चिकटतं.

पनवेलच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी. पण दर शनिवारी कपाटातल्या कवट्या उतरवून फडक्याने पुसायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. कुत्रा, मांजर, डुक्कर, माकड, घोडा. पुसता पुसता बोटांनाच ओळख झाली, असं ते सांगत. परीक्षेत एखाद्या पोरीला समोरचा जबडा कुणाचा ते आठवेना, तर दादा मागे उभे राहून हळूच शेळीसारखे खोकायचे. सरांना हे माहीत होतं. सर नव्याने लागले तेव्हा त्यांनाही दादांनीच शिकवलं होतं.

ते मूळचे बेलपाड्याचे. म्हणजे खारघर उभं राहण्याआधी तिथे जे गाव होतं, त्या गावचे. भाताची खाचरं आणि मिठागरातला वाटा भूसंपादनात गेला. गावात घर तेवढं उरलं, त्याच्या तिन्ही बाजूंना इमारती. निवृत्त झाल्यावर ते सायकलवर निघायचे आणि खाडीत उतरायचे. हातात स्वयंपाकघरातला झारा, खांद्यावर पिशवी, चपला सायकलच्या हँडलला अडकवलेल्या. ओहोटीला ते सुकती म्हणत. "सुकतीत खाडी आपलं पोट दाखवते," हे त्यांचं बोलणं. त्या पोटातून ते दात, नखं, हाडांचे तुकडे वेचायचे, घरी धुवायचे, औषधाच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या बाटल्यांत घालून वर कागद चिकटवायचे. अक्षर गोल, शाळकरी. "कुत्रा, सुळा, गाढी नदीचं तोंड." "रानडुक्कर, खालची दाढ." ज्या वस्तूंची ओळख पटत नसे त्यांचा एक वेगळा बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, घरातला सर्वांत मोठा. त्यावर लिहिलं होतं, "माहीत नाही."

मी विचारलं होतं, "दादा, इतकं माहीत असून हाच डबा सगळ्यात मोठा?"

"खोटं लेबल लावलं का वस्तू मेली," ते म्हणाले. "हितं ती जिवंत हाय. वाट बघते."

आमची गाठ पडली ती दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, एका दाढेमुळे. मी घाटावरचा. ट्रॅक्टरवर हेल्पर म्हणून इकडे आलो, ट्रॉलीत झोपलो, आणि पंधरा वर्षांत माझे स्वतःचे डंपर झाले. मुरूम, माती, भराव हा माझा धंदा. कुणी मला उचलून वर ठेवलेलं नाही. त्यामुळे माझं काम कुणी अडवलं की माझं डोकं फिरतं. त्या वेळी खारघरच्या एका प्लॉटवर पायाचं खोदकाम चालू होतं आणि खड्ड्यातून ही भलीमोठी काळी दाढ निघाली. मजुरांनी फावडी खाली टाकली. राक्षसाचा दात आहे म्हणाले. कुणी नारळ म्हणालं, कुणी बकरा म्हणालं. पोकलेनवाला केबिनमधून उतरून झाडाखाली बसला. मी शिव्या घालून थकलो तेव्हा एकजण म्हणाला, "शेठ, गावातल्या दातवाल्या दादांना बोलवा. ते सांगतील तर आमी ऐकू."

सायकलवरून एक बारीक, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. दाढ बाटलीतल्या पाण्याने धुतली, जिभेला लावली, उन्हात फिरवली. वरच्या अंगाला नागमोडी रेघा होत्या, त्यांवरून अंगठा फिरवला.

"म्हशीची," ते म्हणाले. "खालची, उजव्या अंगाची, शेवटची. म्हातारी व्हती. बगा किती झिजली हाय. चिकटतंय, म्हंजे आपल्या आज्याच्या आज्याच्या येळची."

"एवढी मोठी म्हैस?" एक मजूर म्हणाला.

"तुजी दाढ बाहेर काढून बगशील तर तीपन मोठी वाटंल. निम्मा दात हाडात असतो, बाबा. म्हशीच्या तोंडात तू कवा हात घातलास?"

मजूर हसले आणि हसले म्हणून उठले. काम सुरू झालं. मी खिशात हात घातला, तर दादा म्हणाले पैसे नकोत, दाढ द्या. माझ्यातला सौदेबाज लगेच जागा झाला. ज्याअर्थी हा पैसे सोडून दाढ मागतोय त्याअर्थी दाढेला काहीतरी किंमत असणार. मी म्हणालो, "माझ्या खोदकामातली आहे. बघू."

दादांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "ठेवा. देवघरात ठेवा. पन कुनी विचारलं तर म्हस सांगा हा, राक्षस नको."

ते सायकलला टांग मारून निघालेसुद्धा. मी दाढ हातात धरून उभा. चार दिवस ती गाडीच्या डॅशबोर्डवर गडगडत राहिली. पाचव्या दिवशी मी बेलपाड्याला जाऊन ती त्यांना देऊन आलो. आयुष्यात फुकट दिलेली पहिली वस्तू असेल. त्यांच्या बायकोने, जनाकाकूने, बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी खायला घातली. तेव्हापासून माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं. माझ्या कुठल्याही साइटवर काही निघालं की मी पुडीत बांधून नेत असे. ते पुडी उघडेपर्यंत मला शाळेच्या निकालासारखी धाकधूक वाटायची. बहुतेक वेळा कुत्रा किंवा बकरी निघायची.

लोकही यायचे. खारघरच्या टॉवरमधला एक संगणकवाला एकदा मखमलीच्या डबीत काहीतरी घेऊन आला. वाकडं, टोकाला काळं, दोन बोटं लांब. खाडीकाठी फिरताना सापडलं, इंटरनेटवर पाहिलं, डायनासोरचं नख असावं, असं तो म्हणाला. दादांनी ते जिभेला लावलंच नाही. नुसतं आतून पाहिलं. पोकळ होतं.

"साहेब, चिंबोरी खाताव का?"

"मी व्हेजिटेरियन आहे."

"तरीच," दादा म्हणाले. "चिंबोरीच्या आंगड्याचा वरचा भाग हाय ह्यो. आमच्या घरात परत्येक इतवारी डायनासोर असतो."

नख खेकड्याच्या नांगीचं निघालं म्हणून संगणकवाला हिरमुसला. तेव्हा दादांनी त्याला आत नेऊन पाऊण तास खरी नखं दाखवली. कुत्र्याचं नख बोथट का, कारण ते चालताना जमिनीला घासतं. मांजराचं अणकुचीदार का, कारण ते म्यानात राहतं. जाताना तो वाकून पाया पडला.

एकदा मी त्यांना उरणला माझ्या गाडीतून नेलं. मोऱ्याच्या धक्क्यावर एका कोळणीला भेटायचं होतं. तिच्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लाल दोऱ्यात एक चपटं, टोकदार हाड बांधलेलं होतं. सासऱ्याने बांधलेलं वाघनख, त्याच्यामुळे होडी सुखरूप येते, असं तिचं म्हणणं. गर्दी नव्हती. तिने दादांना बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, वाघाचंच हाय ना?"

दादांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बाय, वाघ काय, रानात चिकार व्हते. ह्यो करवत माशाचा दात हाय. त्याच्या सोंडंवर असे दोनी बाजूला असतात. आता तो मासा आपल्या पान्यात दिसत नाय. वाघापेक्षा भारी वस्तू हाय तुज्याकडं. सोडू नको."

ती बाई खूश झाली. आम्हाला दोन पापलेटं दिली. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "दादा, गोड बोलून खोटं ठरवलंत की तिचं वाघनख."

"खोटं कुठं? मासाच हाय तो. फक्त ती हाक चुकीच्या नावानं मारत व्हती."

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण माझ्या वेळी त्यांना गोड बोलता आलं नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती आजही पूर्ण गेलेली नाही.

माझ्या मुलीच्या मुलाचं बारसं पनवेलला हॉलमध्ये केलं. व्याही पेणचे, जुने जमीनदार. मी ट्रॅक्टरवरून आलेला माणूस आहे हे ते कधी बोलून दाखवत नसत. न बोलता दाखवत. म्हणून मी नातवासाठी सोन्यात मढवलेलं वाघनख करून घेतलं. आमच्या घाटावर लेकराच्या गळ्यात वाघनख म्हणजे मोठ्या घराची खूण. नख एका भटक्या माणसाकडून घेतलं. तीन तास घासाघीस केली, त्याला दोनदा उठवून लावलं, दोनदा परत बोलावलं. त्याला रडकुंडीला आणलं याचा मला अभिमान होता. असलं नख बाळगणं कायद्याने गुन्हा आहे हेही मला माहीत होतं. कायदा मोठ्या घरांना लागत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

बारशाला दादा पांढरा सदरा घालून आले होते. मी शंभर माणसांच्या देखत वाघनख वर धरलं आणि म्हणालो, "हे आमचे दादा. जिल्ह्यात यांच्याइतकं दातनखातलं कुणाला कळत नाही. सांगा दादा, कसं आहे?"

दादा म्हणाले, "आदी जेवून घेऊ."

"जेवायचंच आहे. सांगा तर."

"शेठ, नंतर सांगतो ना."

व्याही हसत म्हणाले, "का हो, परीक्षेला भीती वाटते का?"

ते मला म्हणाले की दादांना, मला कळलं नाही. माझा पारा चढला. मी ते नख दादांच्या हातात कोंबलं. "सांगा म्हणतो ना."

दादांनी ते खिडकीच्या उजेडात नेलं. कडेने पाहिलं. मग परत आणून माझ्या हातात ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शिंगाचं हाय. रेघा उभ्या जातात बगा, वळनाबरोबर वळत नाय. कोरून काढलंय." माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी जोडावंसं वाटलं असावं. म्हणाले, "बरं झालं शेठ. खरं असतं तर जंगल खात्यावालं बारशाला आलं असतं."

हे त्यांनी मला सावरायला म्हटलं. पण हॉल हसला. व्याही सर्वांत जास्त हसले. आणि ज्याने आयुष्यात कुणाकडून एका रुपयालाही फसवून घेतलं नव्हतं तो मी, नातवाच्या पाळण्यापाशी म्हशीचं शिंग हातात धरून उभा राहिलो.

मी दादांशी बोलणं सोडलं. दोनदा ते सायकलवर दिसले, दोनदा मी काच वर केली. मोऱ्याच्या कोळणीला यांना शब्द सापडले, मला नाही सापडले, हे मी मनात घोळवत राहिलो. तिने एकांतात विचारलं होतं, मी शंभर लोकांत त्यांचा हात धरला होता, हा फरक मला दिसत होता. तो मी बाजूला ठेवला.

दोनएक वर्षांनी खाडीच्या वळणावरच्या एका प्लॉटच्या भरावाचं काम मला मिळालं. गोडाऊन व्हायचं होतं. काम सुरू व्हायच्या आत दादा माझ्या ऑफिसात आले. आत यायला तयार नव्हते.

"बसा."

"नको. पाय चिखलाचं हायत."

"मग उभ्याने बोला."

ते उभ्याने बोलले. त्यांच्याकडे खाडीत सापडलेले मगरीचे वीसेक दात होते, वेगवेगळ्या वर्षांतले. मगरीचा दात बुडाशी पोकळ असतो आणि त्या पोकळीत पुढचा दात बसलेला असतो, वाटीत वाटी ठेवावी तसा. त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. दादांचा आजा सांगायचा की या खाडीत मगरी होत्या. दादांनी हे कॉलेजात सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. दात काय, पुरात कुठूनही वाहून येतो, कुणी आणून टाकला असेल. असं सगळ्यांचं म्हणणं. आणि आता त्या वळणावर, निळ्या-काळ्या चिकणमातीत त्यांना जबडा दिसला होता.

"दात वाहून येतो, शेठ. जबडा मातीत असा रुतून नाय येत. जनावर तितंच मेलंय. पुन्याहून एक बाई येनार हायत, ह्या विषयातल्या. त्या म्हनतात, काढू नका, जागेवर बगितला पायजे. काढला का कुनी बी म्हनंल तुमी आनून ठेवला."

"फोटो काढा."

"कॉलेजचा कॅमेरा आनला व्हता. फोटोत नुस्ता चिखल."

मला जायचं नव्हतं. पण प्लॉट बघायचा होताच, म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, पाणी खूप खाली गेलं होतं. गुडघाभर चिखलातून ते पुढे आणि बूट हातात धरून मी मागे. काठाच्या अगदी तळाशी त्यांनी झाऱ्याने थोडा गाळ बाजूला केला.

मी जे पाहिलं ते सांगतो. दीड हात लांब, काळं हाड होतं. अर्धं मातीत, अर्धं बाहेर. त्यात ओळीने सात दात होते. पुढचा एक तुटका, बाकीचे सहा शाबूत, उभे, आपापल्या खाचेत. माती त्यांच्या मधल्या फटींत इतकी घट्ट बसलेली होती की नखाने निघत नव्हती. कुणी ते तिथे आणून ठेवलेलं नव्हतं. दादा वाकून उभे होते. त्यांनी तो जिभेलाही लावला नाही.

काठावर आल्यावर मी म्हणालो, "किती दिवस पाहिजेत?"

"महिना."

"आठ दिवस." समोरच्याचा पहिला आकडा मी कधीच मान्य करत नाही, हा माझा स्वभाव आहे. खरं तर मालकाने मला दीड महिन्याची मुदत दिली होती. घाई कसलीच नव्हती.

"आठ दिवसांत भांग येतंय शेठ, बारकी भरती, बारकी सुकती, पानी उतरनारच नाय. उघडं पडाया मोठी सुकती पायजे. अमावास्येची सुकती तेवडी जाऊ द्या. बाई तवाच येनार. मग भरा."

"अमावास्येपर्यंत थांबतो," मी म्हणालो. "शब्द."

त्यांनी हात जोडले. बारशाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी गाडीत बसलो.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. अमावास्या पंचांगात ज्या दिवशी असते त्या दिवशी समुद्राची मोठी ओहोटी नसते. ती दीड-दोन दिवसांनी येते, बीजेला, तिजेला. खाडीकाठचा माणूस अमावास्येची सुकती म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बीज असते. त्याला ते वेगळं सांगावंसुद्धा वाटत नाही. घाटावरच्या माणसाला हे माहीत नसतं, असं मी पुढे लोकांना सांगितलं. ते खोटं होतं. खाडीकाठी भराव टाकण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. उधाणाचं पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं, हे चुकलं तर माझे डंपर बुडतात. दादा "अमावास्येची सुकती" म्हणाले आणि मी "अमावास्येपर्यंत" म्हणालो, तेव्हा मी शब्द निवडून बोललो होतो. सौद्यात मी तेच करतो. समोरच्याला वाटतं एक, ठरतं दुसरं.

अमावास्येच्या पहाटे दादा खाडीत जाऊन आले. पाणी पुरेसं उतरलं नव्हतं, त्यांनाही ते उतरणार नाही हे माहीत होतं. नुसतं बघायला गेले असावेत. निश्चिंत मनाने घरी परतले. सकाळी आठला मी डंपर घेऊन साइटवर आलो.

माझा जुना ड्रायव्हर दशरथ, तो तिथल्याच गावचा. चावी फिरवायच्या आधी म्हणाला, "शेठ, दादांची सुकती परवा हाय."

"आज अमावास्या आहे की नाही?"

"हाय."

"मग गाडी सोड."

"परवा टाकू ना शेठ. काय बिघडतंय?"

"दशरथ, तू गाडी सोडतोस की दुसऱ्याला देऊ?"

तो दुसरीकडे बघत गाडीवर चढला. दुपारपर्यंत वळणाचा काठ मुरमाखाली गेला. मी स्वतः उभा राहून त्या कोपऱ्यात चार गाड्या जास्त टाकून घेतल्या.

बीजेच्या सकाळी पुण्याच्या बाई आल्या. मी साइटवर होतो. पन्नाशीच्या, टोपी घातलेल्या, हातात मोजपट्टी आणि कॅमेऱ्याची पेटी. दादा त्यांच्या शेजारी उभे होते, खांद्याला पिशवी. पाणी अगदी तळाला गेलं होतं. इतकी चांगली ओहोटी वर्षातून एखादवेळीच मिळते. समोर लाल मुरमाचा ढीग होता. बाईंनी काहीतरी विचारलं, दादांनी ढिगाकडे बोट केलं. मला वाटलं आता ते माझ्याकडे येतील, तोंडाला येईल ते बोलतील. माझीही तयारी होती. पंधरा दिवस मी वाक्यं जुळवत होतो. बारशाचं काढणार होतो.

ते आले. म्हणाले, "तुमी शब्द पाळलाव, शेठ."

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण मी शोधला आणि मला तो सापडला नाही. त्यांनी बहुधा रात्रभर विचार करून मला निर्दोष ठरवलं होतं. घाटावरचा माणूस, त्याला काय कळणार, आपणच बीज म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "पोकलेन लावून उपसून देतो. एका दिवसात."

"पोकलेननं दात निघतील," ते म्हणाले. "दात माज्याकडं हायत."

बाईंनी त्यांना एक गोष्ट सुचवली होती. जबडा जागेवर पाहिलेला दुसरा एखादा माणूस असेल आणि त्याने तसं लिहून दिलं, तर त्या निदान नोंद करू शकतील, छापू शकतील. आठ दिवसांनी दादा माझ्या ऑफिसात पुन्हा आले. या वेळी बसले. पिशवीतून एक कोरा कागद काढून टेबलावर ठेवला.

"दोनच ओळी लिवा. जबडा पायला, दात त्यात व्हते. खाली सही."

मी कागदाकडे पाहिलं. खाडीकाठच्या भरावाची कागदपत्रं नेहमीच नाजूक असतात. कुठली जागा, कोणता दिवस, भराव कुणी टाकला, हे सगळं त्या दोन ओळींना चिकटून येणार होतं. उद्या कुणी खोदून काढलं तर मालक अडकेल, मालक मला अडकवेल. आणि आतून एक बारीक, नासका आवाज म्हणत होता की बारशात यांनी मला दोन शब्दांनी सांभाळून घेतलं असतं तर.

"दादा, मी काही लिहून देत नाही. कुणालाच देत नाही. धंद्याचा नियम आहे."

"पन तुमी पायलाव ना?"

"अंधार पडत होता," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

इतका वेळ त्यांनी मला घाटावरचा अडाणी समजून माफ केलं होतं. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, मागचंही. मला ते त्यांच्या तोंडावर उमटताना दिसलं. त्यांनी कागद उचलला, पिशवीत ठेवला आणि उठले. जाताना म्हणाले, "जनीनं विचारलंय तुमी येत का नाय. मी सांगन, कामात हायत."

त्यानंतर ते मगरीच्या दातांविषयी कुणाशी बोलले नाहीत, असं दशरथ सांगायचा. कुणी चिंबोरी आणली, कुत्रा आणला, तर बघत, सांगत. पाच-सहा वर्षांनी ते गेले. मी दहाव्याला गेलो. जनाकाकू म्हणाली, बाटल्या पुण्याच्या बाई घेऊन गेल्या. मगरीच्या बाटलीवरचा कागद दादांनी मरणाआधी स्वतः बदलला होता. आधी होतं, "मगर, पनवेल खाडी." नंतर नुसतं, "मगर."

माझा नातू आता मोठा झाला. व्याह्यांशी माझं बरं चाललंय. बारशात झालं ते वाईट झालं, असं मी आजही म्हणतो. पण त्याची मी जी किंमत वसूल केली ती कुठल्याही बाजारात बसत नाही. मला हे आधीही कळत होतं. जबडा मी पाहिला होता. अंधार नव्हता. सात दात होते आणि ते जबड्यातच होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तहसील कचेरीबाहेर, ते जाण्याच्या वर्षभर आधी. मी माझ्या सातबाऱ्याच्या कामाला रांगेत उभा होतो. बाहेर चिंचेखाली टाइपिंगवाले बसतात, त्यांच्यातल्या एकासमोर दादा स्टुलावर बसले होते. खूप वाळले होते, सदरा खांद्यावरून घसरत होता. प्रतिज्ञापत्र करून घेत होते. त्यांनी सांगायचं, टाइपिंगवाल्याने ठोकायचं. मला आवाज येत होता. खाडीचं वळण, चिकणमाती, हाडाची लांबी. दातांच्या आकड्यापाशी टाइपिंगवाला थांबून हसला, "आजोबा, हे कोर्टात कशाला लागतं?" दादा म्हणाले, "कोर्टात नाय रं. कुटंतरी लिवलेलं असावं."

मग टाइपिंगवाल्याने विचारलं, "साक्षीदार कोण?"

दादांनी मान वर केली आणि मला पाहिलं. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मी हातातल्या सातबाऱ्याकडे बघू लागलो. त्यावरचं अक्षरही मला लागत नव्हतं.

"आजोबा, साक्षीदार?"

"ती जागा रिकामी ठेव," दादा म्हणाले.